दातवाली भिंत चढायला शिकली

गल्लीत तिला सगळे दातवाली म्हणायचे. तिचं काम कवळ्या बनवण्याचं. दंतवैद्यांचा दवाखाना रस्त्याच्या अंगाला, आणि मागच्या बाजूला, बोळाच्या टोकाशी, तिची खोली. तिथे पेशंट कधी यायचे नाहीत, त्यांचे नुसते जबडे यायचे. प्लास्टरचे पांढरे जबडे फळीवर ओळीनं मांडलेले असायचे आणि त्यांच्यासमोर बसून ती दिवसभर मेणाच्या गुलाबी हिरडीत एकेक दात बसवायची, गरम सुरीनं कडा कोरायची, अंगठा फिरवून बघायची, परत कोरायची. पन्नाशीला टेकली होती. केसांत, भुवयांत, बाहीच्या घडीत कायम प्लास्टरची पूड. घरी गेल्यावरही तिच्या मागे थोडीशी पांढरी वाट उमटायची.

खोलीला एकच खिडकी. समोर एक जुनं गोदाम होतं, पूर्वी तिथे पोती रचलेली असायची. मग बरेच दिवस ते नुसतंच बंद होतं, आणि एके दिवशी आतून ठोकाठोक ऐकू यायला लागली. गोदामाच्या वरच्या काचा कोणीतरी पुसून लख्ख केल्या. तेव्हापासून दुपारी डबा खाताना दातवालीला एक नवलच दिसायला लागलं. काचेत खालून एक हात वर यायचा. पांढरा, पिठात बुडवल्यासारखा. मग दुसरा हात. मग डोकं, खांदे. तो माणूस क्षणभर तिथे थांबायचा, अगदी वरच्या रंगीत दगडावर तळवा टेकवायचा, आणि मग खुर्चीत बसल्यासारखा हवेत बसून हळूहळू खाली बुडून जायचा. थोड्या वेळानं दुसरा हात वर.

खालचं काहीच दिसायचं नाही, मधे गोदामाची भिंत होती. माणसं कुठून येतात, खाली काय करतात, बुडाल्यावर कुठे जातात, काही पत्ता नाही. तिला ते पाण्यात बघितल्यासारखं वाटायचं. घास हातात तसाच राहायचा. दुपारनंतर सुरी चालवतानाही डोळ्यांपुढे ते वर येणारे हात असायचे, आणि एकदा तर तिनं सुळ्याच्या जागी दाढ बसवली.

शेवटी एका दुपारी तिनं डबा तसाच झाकला आणि बोळ ओलांडून गोदामात शिरली.

आत एक भलीमोठी भिंत होती, तिला लाल, निळे, हिरवे, पिवळे दगड ठोकलेले. वरच्या कड्यांतून ओवलेले दुहेरी दोर खाली लोंबत होते. एक पांढऱ्या मिशांचा, आडव्या बांध्याचा माणूस जमिनीवर बसून एक दोर बोटांतून सरकवत होता, जिथे जरा फुगीर लागेल तिथे थांबून डोळ्यांजवळ नेत होता. हा इथला शिकवणारा. उभा जन्म अग्निशमन दलात घालवलेला, म्हणून सगळे त्याला बंबवाले म्हणत.

"चढायचंय का, बाई?"

"नाही नाही. मी नुसतं खालचं बघायला आले."

"खालचं?"

"समोर माझी खिडकी आहे. तिथून मला वरचंच दिसतं."

बंबवाल्यांनी तिच्याकडे नीट बघितलं. तिच्या हातांकडे बघितलं. "अहो, इथे हात घसरू नयेत म्हणून पूड लावतात, तुम्ही तर लावूनच आलात," ते म्हणाले, आणि स्वतःच्याच विनोदावर मिशीतल्या मिशीत हसले. मग म्हणाले, "खालचं बघून काही कळत नाही. पण इथे एकट्यानं चढता येत नाही. एक जण वर जातो, एक जण खाली दोर धरतो. जोडीदार घेऊन या."

ती परत येऊन जबड्यांसमोर बसली. जोडीदार आणायचा कुठून? नवरा पुलाच्या कामावर दूरच्या गावी गेलेला, वर्षभर तरी सुटका नाही. घरात उरली होती ती आणि तिची नणंद.

नणंद तिच्याहून थोडी लहान. लग्न केलं नव्हतं. पाणी खात्यात फोनवर तक्रारी ऐकायची. दोघींमध्ये भांडण वगैरे काही नव्हतं, भांडायलाही थोडी ओळख लागते. इतकी वर्षं एका छपराखाली काढली ती अहो-जाहोतच. "वन्सं, चहा ठेवलाय." "वहिनी, तुमचा फोन वाजतोय." बाकी सगळं बोलणं नवऱ्यामार्फत. तो मधल्या खुर्चीत बसून इकडचं तिकडे पोचवायचा, आणि ते त्याला इतकं अंगवळणी पडलं होतं की त्याला त्यात काही विशेष वाटत नसे. तो गेल्यावर घर एकदम शांत झालं. स्वयंपाकघरात दोघी एकमेकींना वाट देत, "हं", "हं" करत वावरायच्या.

त्या संध्याकाळी नणंद गॅलरीत वाळलेले कपडे काढत होती. दातवाली दारात जाऊन उभी राहिली.

"वन्सं, एक विचारायचं होतं."

नणंद चिमटे हातात घेऊन वळली. कोणीतरी गेल्याची बातमी ऐकायची तयारी तिच्या चेहऱ्यावर होती.

दातवालीनं सगळं सांगितलं. खिडकी, हात, बंबवाले, जोडीदार. बोलता बोलता ते तिचं तिलाच विचित्र वाटायला लागलं.

"मला उंचीची भीती वाटते," नणंद म्हणाली. "स्टुलावर चढले तरी पोटात गोळा येतो."

"तुम्हाला वर जायचं नाहीये. तुम्ही खाली. दोर धरायला."

"आणि सुटला माझ्या हातून तर?"

"सोडू नका."

नणंदेनं एक चादर काढली, घडी घातली, उलगडली, परत घातली. "दादाला विचारलंत?"

"नाही."

"बरं केलंत," नणंद म्हणाली. "येते मी."

पहिल्या दिवशी कमरेला आणि मांड्यांना पट्टे आवळून दोघी उभ्या राहिल्या तेव्हा एकमेकींकडे बघायची सोय नव्हती, इतक्या त्या विनोदी दिसत होत्या. बंबवाल्यांनी नणंदेच्या पट्ट्यातल्या कडीतून दोर कसा ओवायचा, वरची चढेल तसा तो कसा ओढून घ्यायचा आणि खालचा हात कधीही, काहीही झालं तरी, दोरावरून का काढायचा नाही, ते पुन्हा पुन्हा करून घेतलं. नणंदेनं तक्रार लिहून घ्यावी तशी मान डोलावली आणि प्रत्येक वाक्य परत म्हणून दाखवलं.

दातवालीनं हिरव्या दगडांना हात घातला. एका रंगाचे दगड म्हणजे एक वाट, आणि हिरवी वाट सगळ्यात सोपी. तिनं दगड असे आवळले की जणू कोणी हिसकावून नेणार होतं. डोक्याएवढ्या उंचीवर पोचेपर्यंत हातांची लाकडं झाली. अजून दोनेक दगड, आणि बोटं आपोआप उघडली. ती दोराला लोंबकळत खाली आली. दुसऱ्या दिवशी तिला मेणाची सुरी धरता येईना. चहाचा कप दोन्ही हातांनी उचलावा लागला. दंतवैद्यांनी विचारलं, "काय झालं?" तर म्हणाली, "झोपेत हात अवघडला." खरं सांगायची लाज वाटली.

"तुम्ही हातांनी चढता," बंबवाले पुढच्या वेळी म्हणाले. "जिना चढताना कठड्याला लोंबकळत जाता का? पायांवर उभ्या राहा. हात नुसते तोल सांभाळायला."

ऐकायला सोपं होतं. पण दगडाशी गेलं की हात सगळा कारभार ताब्यात घ्यायचे. मग बंबवाल्यांनी तिला एक वेगळंच काम दिलं. आवाज न करता चढायचं. बुटाचा टप्प असा आवाज आला की उतरून परत सुरुवात. त्यासाठी पाय ठेवताना पायाकडे बघत राहावं लागे, पार तो टेकेपर्यंत. दातवालीला हे काम आवडलं. दात बसवताना ती अशीच श्वास रोखून बघायची, फक्त इथे श्वास रोखला की बंबवाले खालून ओरडत, "श्वास! फुकट आहे, घ्या!"

दुपारच्या त्या वेळी गोदामात फारसं कोणी नसायचं. वरच्या काचांतून उन्हाचा पट्टा तिरका उतरायचा आणि त्यात पूड तरंगत राहायची. ती बिनआवाजी पाय ठेवत वर जायची, खालून दोर हळूच आखूड होत राहायचा. हळूहळू तिच्या ध्यानात आलं की हात सरळ सोडून, हाडांवर लोंबून राहिलं तर दमायला होत नाही. वाकवलेला हात थकतो, सरळ हात थांबू शकतो. मग ती मधेच थांबायला लागली. पूर्वी वाटायचं चढणं म्हणजे सतत वर जाणं. आता ती भिंतीवर मधेच उभी राहून इकडे तिकडे बघायची, एकेक हात झटकायची, आणि काचांजवळ असली तर त्यांतून तिला बोळापलीकडची तिचीच खोली दिसायची. फळीवरचे पांढरे जबडे तिच्याकडे बघून हसत असायचे.

हिरवी वाट झाली. निळी झाली. नवऱ्याचा फोन आला तेव्हा नणंदेनंच त्याला सांगून टाकलं.

"दोघी?" तो म्हणाला. "दोरावर? आणि दोर कोणाच्या हातात?"

"माझ्या."

"जरा वहिनीला दे फोन," तो म्हणाला. दातवालीनं फोन घेतला. "ती चिडली नाहीये ना तुझ्यावर?" त्यानं दबक्या आवाजात विचारलं. दातवालीला इतकं हसू आलं की फोन परत नणंदेकडे द्यावा लागला.

मग पिवळी वाट आली आणि गाडं अडलं. वरच्या टोकाच्या जरा खाली एक पिवळा दगड उजवीकडे लांब होता. त्याच्यापर्यंत तिचा हात पोचतच नव्हता. ती ताणून बघायची, उडी मारून बघायची, आणि दर वेळी बोटं त्याला चाटून खाली. एक महिना गेला, दुसरा लागला. तिच्यामागून आलेली कॉलेजची मुलं पिवळी वाट करून लालवर गेली. तिला वाटलं आपली मजल इथवरच. बोटांची कातडी सोलवटली होती, मेण लागलं की झोंबायचं.

"मी उंच असते तर," ती चरफडली.

"उंच माणसं पण इथेच पडतात," नणंद दोर गुंडाळत म्हणाली. "मी खालून बघते ना."

त्यातच दातवालीला ताप भरला. चांगला सडकून. आठवडाभर आणि वर काही दिवस ती अंथरुणात होती. दुपारी खोलीत पडद्यातून केशरी उजेड यायचा, छतावरचे ओलीचे डाग सरकायला लागायचे, आणि ती झोपेच्या आणि जागेपणाच्या मधे कुठेतरी पिवळ्या वाटेवर असायची. तिथे तिला वजन नव्हतं. पाय आपले आपण जागा शोधायचे. तो लांबचा दगड आला की ती घाबरायची नाही, ताणायची नाही. स्वयंपाकघरातल्या चिंचोळ्या वाटेत नणंद समोरून आली की ती जशी अंग चोरून आडवी व्हायची, तशी ती भिंतीला कुशीवर टेकायची, आणि दगड आपणहून हाताखाली यायचा.

डोळे उघडले तेव्हा नणंद पलंगाच्या कडेला बसून तिच्या कपाळावरची पट्टी बदलत होती.

"काय बडबडत होतात? 'मी कडेनं जाते, मी कडेनं जाते.'"

"असं म्हणत होते?"

"मी म्हटलं जा बाई, माझी काय हरकत आहे."

अंगात ताकद आल्यावर ती पहिल्यांदा गोदामात गेली तेव्हा पिवळ्या वाटेला हात लावायचा तिचा विचारही नव्हता. पण पाय तिकडेच वळले. त्या जागी आल्यावर तिनं उजवा खुबा भिंतीला टेकवला, गुडघा आत वळवला आणि उभी राहिली. हात पोचला. नुसता पोचला नाही, वर बोटभर जागा उरली. ती इतकी चकित झाली की दगड धरायचं विसरून त्याच्याकडे बघतच राहिली.

"आठवडाभर भिंतीला शिवला नाहीत, म्हणून झालं," बंबवाले नंतर म्हणाले. "शरीराला शिकलेलं मुरवायला निवांतपणा लागतो. तुम्ही सारखं ढवळत होतात." मग म्हणाले, "आता खऱ्या दगडाकडे जाऊ."

खरा दगड म्हणजे गावाबाहेरची एक जुनी खाण. कित्येक वर्षांत तिथे सुरुंग लागला नव्हता. तळाशी गवत आणि साठलेलं हिरवं पाणी, आणि एका अंगाला करड्या दगडाची उभी भिंत. ते पोचले तेव्हा सकाळचं धुकं अजून उठलं नव्हतं. भिंतीचं टोक दिसतच नव्हतं. बंबवाले मागच्या पायवाटेनं वर गेले, तिथल्या कडीतून दोर ओवून त्याची दोन्ही टोकं खाली सोडली, आणि तो दोर धुक्यातून असा उतरला की वर कोणी आहे की नाही याचीही खात्री वाटेना.

दातवाली दगडाशी गेली. बराच वेळ नुसती उभी राहिली.

"इथे रंग नाहीत," ती म्हणाली.

खाली आलेले बंबवाले म्हणाले, "नाहीत खरे."

तिनं दगडावर तळवा ठेवला. गार, दमट. अंगठा फिरवला. लांबून सपाट वाटत होतं ते जवळून सपाट नव्हतं. बारीक वळ्या होत्या, टाळूवर असतात तशा, कडा होत्या, खळगे होते. तिला अंगठ्यानं जे कळत होतं ते डोळ्यांना हळूहळू दिसायला लागलं. तिनं एक पाय ठेवला. बिनआवाजी.

अर्ध्यापर्यंत ती छान गेली. धुकं तिच्याभोवती होतं, खालची माणसं अंधूक झाली होती, आणि तिला त्या तापातल्या दुपारींसारखं हलकं वाटत होतं. मग दगड जरा पोट काढून पुढे आला. डावा पाय ठेवायला जागा दिसेना. उजवा पाय एका नखभर कडेवर होता, तो थरथरायला लागला. आधी टाच, मग पोटरी, मग सगळा पाय शिवणयंत्रासारखा. हात आपोआप आवळले. पहिल्या दिवसासारखे. तिला वर बघवेना की खाली बघवेना. नाकासमोर करडा दगड आणि त्यावर तिचाच श्वास.

"वहिनी?" खालून आवाज आला.

"वहिनी, ऐकू येतंय का?" फुटलेल्या नळाच्या तक्रारीला नणंद फोनवर ज्या आवाजात उत्तर द्यायची तो हा आवाज. घाई नसलेला. "मला इथून दिसतंय. डावीकडे गुडघ्याच्या खाली एक खाच आहे."

"नाहीये!"

"आहे."

"मला दिसत नाहीये, वन्सं!"

"अगं, आहे म्हणते ना! खाली बघ! तुझ्या गुडघ्याशी आहे, वेडे, पाय मागे घे!"

दातवालीनं दचकून पाय मागे घेतला. खाच दिसली. पाय तिकडे नेला, आणि नेमका त्याच वेळी उजवा पाय निसटला.

हातभर खाली गेली असेल नसेल, दोर ताणला आणि ती थांबली. ती दोरावर हळूच फिरत होती, आणि खालून आवाज आला, "अगं बाई!" तिनं बघितलं. नणंद अंगानं काटकुळी. दोराच्या हिसक्यानं तीच जमिनीवरून उचलली गेली होती. गवताच्या वर अधांतरी, पाय सायकल मारल्यासारखे चालवत, पण खालचा हात दोरावर घट्ट. स्टुलावर चढायला घाबरणारी बाई.

"वन्सं, तुम्ही वर आलात!"

"मला माहीत आहे!" नणंद ओरडली. "मी सोडला नाही!"

बंबवाल्यांनी तिला पट्ट्याला धरून खाली टेकवलं. दातवाली दोरावर लोंबकळत हसत सुटली. हसून झाल्यावर तिच्या लक्षात आलं की हात मोकळे झाले आहेत, पायाचं शिवणयंत्र बंद पडलं आहे. ती परत दगडाला लागली. डावा पाय त्या खाचेत. खुबा वळवला. हात सरळ ठेवून थांबली, दोन श्वास घेतले, उभी राहिली. फुगवट्याच्या वर एक ओटा होता, माणूस बसेल एवढा. तिथवरच त्या दिवशी तिची मजल. ती ओट्यावर बसली. धुकं विरळ होत होतं आणि पाण्याच्या कडेची झाडं एकेक करून हजर होत होती. तिला उतरावंसं वाटेना, वर जावंसंही वाटेना. बराच वेळ कोणी तिला हाक मारली नाही.

खाली आल्यावर नणंद दोराची गाठ सोडवायला लागली.

"मी तुम्हाला अगं म्हणाले का?"

"हो. वेडे पण म्हणालात."

"तोंडातून निघून गेलं."

"राहू दे," दातवाली म्हणाली, आणि 'द्या' म्हणायचं तिचंही राहून गेलं.

त्यानंतर घरात एकदम काही बदललं असं नाही. एका वाक्यात तू यायचं, पुढच्यात तुम्ही. कधी कधी एकाच वाक्यात दोन्ही, आणि मग दोघी जरा थबकायच्या. पण स्वयंपाकघरातून बोलण्याचा आवाज यायला लागला. विषय बहुतेक दगडाचेच. पाय कुठे चुकला, दोर कधी सैल सुटला. टेबलावर चमचे आणि वाट्या मांडून नणंद खालून दिसलेली भिंत तिला समजावून सांगायची.

दातवाली काही मोठी चढणारी झाली नाही. लाल वाट तिला आजही येत नाही, आणि येईल असं बंबवालेही म्हणत नाहीत. पण खाणीत ती पुन्हा पुन्हा गेली, आणि तिसऱ्या का चौथ्या खेपेला ओट्याच्या वरचा भागही तिला उमगला. ती टोकावर आली तेव्हा ऊन होतं. वर गवत होतं, वारा होता, आणि आश्चर्य म्हणजे तिथे काहीच नव्हतं. दगड संपला आणि माळ सुरू झाला, एवढंच. ती गवतात उताणी पडली. आकाश तिच्यावरून सावकाश सरकत होतं की ती आकाशाखालून, ते तिला सांगता आलं नसतं. पायवाटेनं ती उतरून आली ती झोपेतून चालत आल्यासारखी.

नणंद दगडाशी उभी होती. तळवा दगडावर ठेवलेला.

"वर काय आहे?" तिनं विचारलं.

"काही नाही."

"असं कसं काही नाही?"

"खरंच. गवत आहे."

नणंदेनं वर बघितलं. बराच वेळ बघितलं. मग कमरेचा पट्टा चाचपला आणि दोराचं मोकळं टोक दातवालीपुढे धरलं.

"बांध मला," ती म्हणाली. "दोनच पावलं जाणार. मग लगेच उतरव."

दातवालीनं गाठ मारली, ओढून बघितली, परत ओढून बघितली. दोर स्वतःच्या कडीत ओवला. आजवर ती या टोकाला कधी उभी राहिली नव्हती. नणंदेनं डोळे मिटले, उघडले, एक पाय उचलला आणि त्याच्याकडे बघत बघत तो दगडावर टेकवला. आवाज झाला नाही. दातवालीनं सैल झालेला दोर आपल्याकडे ओढून घेतला. समोर नणंदेच्या बुटांचे तळवे जमिनीपासून वीतभर वर गेले होते, मग हातभर. दोन पावलं केव्हाच होऊन गेली होती. ती उतरव म्हणाली नाही, आणि दातवालीनंही तिला विचारलं नाही.